पुठ्ठ्यावरचे शिष्टाचार

कार्टून आणि कार्टन ही सख्खी भावंडं आहेत, हा शोध मला मार्केट यार्डात लागला. तिथे मला कोणी सांगितलं असं नाही. मार्केट यार्डात कोणी कोणाला व्युत्पत्ती सांगत नाही, सांगतात तो भाव, आणि तोही खरा नसतो. झालं असं, की फळांच्या विभागात सफरचंदांच्या खोक्यांची थप्पी होती आणि त्या थप्पीवर कोणा रिकामटेकड्यानं कोळशानं एक अडत्या काढला होता. डोकं वरच्या खोक्यावर, पोट मधल्या तीन खोक्यांवर आणि पाय जवळजवळ नाहीतच. चित्र उत्तम होतं. गिऱ्हाईक आलं, तशी मधली दोन खोकी विकली गेली आणि अडत्या एका मिनिटात सडपातळ झाला. एवढ्या झपाट्यानं वजन उतरलेला अडत्या मी त्याआधी पाहिला नव्हता.

घरी येऊन कोश उघडला. इटालियन भाषेत कागदाला 'कार्ता' म्हणतात आणि जाड कागदाला, म्हणजे आपल्या पुठ्ठ्याला, 'कार्तोने'. एका फांदीवर खोकं आलं, दुसऱ्या फांदीवर चित्र. भिंतीवर मोठं चित्र रंगवायच्या आधी चित्रकार जाड कागदावर त्याचा आराखडा काढून घेत, त्याला कार्टून म्हणत. त्यात हसण्यासारखं काही नसे. बहुतेक वेळा देवदूत असत.

हसण्याचा संबंध आला १८४३ साली, लंडनमध्ये. तिथलं पार्लमेंट १८३४ साली जळलं होतं आणि नव्या इमारतीच्या भिंतींवर इतिहासातले भव्य प्रसंग रंगवायचे, असं सरकारनं ठरवलं होतं. त्यासाठी चित्रकारांनी केलेल्या आराखड्यांचं, म्हणजे कार्टूनांचं, प्रदर्शन भरलं. 'पंच' नावाचं साप्ताहिक तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं होतं. त्यातल्या जॉन लीच या चित्रकारानं जुलै महिन्यात आपलं स्वतःचं एक 'कार्टून' छापलं. त्यात प्रदर्शन आहे, भिंतीवर सुखवस्तू लोकांची गुटगुटीत चित्रं आहेत आणि ती बघायला आलेत लंडनचे फाटके, उपाशी लोक आणि त्यांची पोरं. सरकारला सांगायचं होतं ते एवढंच, की बाबांनो, यांनी भाकरी मागितली आणि तुम्ही चित्रं दाखवताय. त्या दिवसापासून कार्टून या शब्दाचा अर्थ बदलला तो बदललाच.

म्हणजे हे नाव घेऊन जन्माला आलेलं पहिलं चित्र उपाशी माणसाच्या बाजूनं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे ते फार दिवस तसं राहिलं नाही. चार आणे देऊन अंक घेणाऱ्या माणसाला नाश्त्याच्या टेबलावर दर आठवड्याला उपाशी पोरं बघवत नाहीत. त्याला बघायचा असतो शेजारी. शेजाऱ्यानं काटा कुठल्या हातात धरला, शेजारीण कोणाच्या ओळखीनं पार्टीत घुसली, आणि नव्यानं पैसा झालेल्या माणसाला तो पैसा अंगावर कसा घालता येत नाही! 'पंच'चे जॉर्ज द्यू मोरिए यांनी जन्मभर हेच काढलं, आणि झकास काढलं. त्यांचं सर्वांत गाजलेलं चित्र १८९५ सालचं. एका बिशपाकडे नाश्त्याला बोलावलेला एक गरीब, होतकरू पाद्री आहे. त्याच्या पानात नासकं अंडं आलंय. यजमानांच्या ते लक्षात येतं आणि ते तसं बोलून दाखवतात. पण साहेबाच्या घरचं अंडं नासकं कसं म्हणायचं? पाद्री घाईघाईनं खात्री देतो, की नाही नाही, त्याचा काही काही भाग अगदी उत्कृष्ट आहे! इंग्रजीत आजही अर्धवट बऱ्या गोष्टीला त्या पाद्र्याचं अंडं म्हणतात.

मला हे चित्र परकं वाटत नाही. व्याह्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलेला मुलीचा बाप तेच करत असतो. वरण खारट झालंय, भात मोकळा म्हणावा तर कच्चा आहे; पण गृहस्थ म्हणतात, "लिंबाची फोड काय सुरेख कापलीय!"

पुढे १९२०च्या दशकात एच. एम. बेटमन नावाचा गृहस्थ आला. त्याची 'अमुक करणारा माणूस' ही मालिका म्हणजे शिष्टाचाराच्या विनोदाचं शिखर. कवायतीत बंदूक हातातून पडलेला शिपाई किंवा राजाच्या नावानं पेला उंचावण्याआधीच चिरूट पेटवणारा पाहुणा. चूक इवलीशी असते, पण आजूबाजूची शंभर माणसं जगबुडी झाल्यासारखी किंचाळत, कोलमडत, डोळे खोबणीतून बाहेर काढून बघत असतात. मधोमध तो बिचारा एकटा. गंमत अशी, की हसता हसता आपल्याला कळत नाही, आपण त्या चुकलेल्या माणसाला हसतोय की कोलमडणाऱ्या शंभरांना.

बेटमन मार्केट यार्डात आला असता तर त्याला जन्मभर काम पुरलं असतं, असं मला नेहमी वाटतं. मी मनातल्या मनात त्याची चित्रं काढत हिंडत असतो. पहिलं चित्र : 'घाऊक बाजारात पाव किलो भेंडी मागणारा माणूस'. अडत्याच्या कानावरचं पेन गळून पडलंय, तोलणाऱ्याचा काटा एका बाजूला झुकून स्तब्ध झालाय, टेम्पोच्या ड्रायव्हरनं आयुष्यात पहिल्यांदा हॉर्नवरचा हात काढलाय. दुसरं : 'भवानीच्या वेळेला उधारी मागणारा माणूस'. इथे गाळ्यातल्या गणपतीनंसुद्धा सोंड वळवलीय. तिसरं : 'ढिगाच्या तळातला टोमॅटो ओढणारा माणूस'. याला फारसं काढायला नको, टोमॅटोच काय ते सांगतील. चौथं जरा सूक्ष्म आहे : 'अडत्यानं मागवलेला चहा, मी घेत नाही, म्हणून परत करणारा माणूस'. बाहेरच्या जगात ही आवडनिवड झाली. इथे तो जवळजवळ व्यवहार मोडल्याचा पुकारा आहे. आणि शेवटचं, रंगीत, पूर्ण पानभर : 'कोथिंबिरीवर फुकट कढीपत्ता न मागणारी बाई'. यात विकणाराच बेशुद्ध पडलाय आणि बाकीचे त्याला कांदा हुंगवतायत.

आमच्या सौ.ला हे शेवटचं चित्र सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात विनोद कुठंय? अशी बाई असते का कुठं?"

आता कोणी म्हणेल, हे सगळं साहेबाकडून आलं, आपलं काय? तर आपलं त्याच्याही आधीचं आहे, फक्त चित्र काढायचं राहून गेलं. समर्थांच्या दासबोधातल्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास काढून बघा. मूर्खलक्षणं! सतराव्या शतकातली ती शिष्टाचाराची व्यंगचित्रंच आहेत. स्वतःची स्तुती स्वतः करणारा, वाडवडिलांच्या कीर्तीवर जगणारा, कारण नसताना हसणारा, दात आणि कपडे कायम मळके ठेवणारा, सासुरवाडीला तळ ठोकून राहणारा. एकेक ओळ वाचली की एकेक माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि दुर्दैवानं बहुतेक नात्यातलाच असतो. याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाचा वेगळा समास आहे. मूर्खाला एक समास आणि शिकलेल्या मूर्खाला आणखी एक स्वतंत्र, हा हिशेब समर्थांनी पुणे जिल्हा बघूनच केला असावा.

चित्रं आली ती छापखान्याबरोबर. साहेबाचा 'पंच' बघून मुंबईत १८५४ साली 'पार्शी पंच' निघाला, लखनौला १८७७ साली 'अवध पंच', आपल्या ठाण्याहून 'हिंदू पंच'. हे बहुतेक राजकारणात रमले. मराठी माणसाच्या घरातल्या, गल्लीतल्या वागण्याकडे मासिकाच्या पानावरून तिरकं बघायला सुरुवात केली ती, माझ्या मते, शंकरराव किर्लोस्करांनी. १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघालं. कारखाना नांगरांचा आणि संपादक स्वतः चित्रकार. त्यांच्या 'टाकांच्या फेकी'त बुवाबाजी, खोटा बडेजाव, जुनाट रूढी, सगळ्यांना टोचणी होती. नांगराच्या फाळाला धार लावणारे लोकच ते, टाकालाही लावली.

'मार्मिक' १९६० साली आला; त्यातली रेष शिष्टाचार शिकवायला नव्हतीच, ती वाजवायला होती. वसंत सरवट्यांनी लेखक मंडळींचे शिष्टाचार तपासले, तो भाग निराळा आणि लेखकांनी एकट्यानं वाचावा असा. आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटातला सामान्य माणूस १९५१ पासून इंग्रजी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर उभा होता आणि अर्ध्या शतकात एक शब्द बोलला नाही. देशातला सर्वांत शिष्ट माणूस. २००१ साली पुण्यात, सिंबायोसिसच्या आवारात, त्याचा पुतळासुद्धा उभा राहिला. पुण्यात पुतळा व्हायला काहीतरी बोलावं लागतं ही समजूत त्यानं खोटी पाडली.

पण मी ज्यांच्यापुढे खरोखर टोपी काढतो ते शि. द. फडणीस. जन्म १९२५ सालचा, बेळगावकडच्या भोज गावचा. 'मोहिनी'च्या मुखपृष्ठावरचं त्यांचं ते चित्र आठवतंय ना? १९५०च्या दशकाच्या सुरुवातीचं. तरुणाच्या शर्टावर उंदीर छापलेत, शेजारच्या तरुणीच्या साडीवर मांजरं, आणि दोघं अत्यंत सभ्यपणे आपापल्या जागी उभे आहेत. सभ्यपणा माणसांनी पाळलाय, कापडानं नाही. एक अक्षर लिहिलेलं नाही. फडणीसांनी हास्यचित्रातून शब्दच काढून टाकले, आणि तेही पुण्यात बसून! ज्या गावात माणूस शब्दानं वार करतो, शब्दानंच मलमपट्टी नाकारतो, तिथे राहून एकही शब्द न वापरता माणसाच्या वागण्यावर बोट ठेवायचं, म्हणजे साखर कारखान्यात मधुमेहाचं पथ्य पाळण्यासारखं आहे. १९७०च्या दशकात त्यांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतही चित्रं काढली आणि गणितासारख्या उद्धट विषयाला चार माणसांत बसायला शिकवलं. त्यांच्या चित्रात कोणाचा अपमान झालेला मला दिसला नाही. हसणारा आणि ज्याला हसतात तो, दोघं एकाच बाकावर बसल्यासारखे असतात.

पुणेरी पाटीचं नेमकं उलट आहे. पाटी म्हणजे चित्र न काढता आलेल्या माणसाचं व्यंगचित्र. फक्त मथळा असतो. चित्रातला माणूस आपण, वाचणारे. "बेल एकदाच वाजवावी, आम्ही बहिरे नाही" एवढं वाचलं की बेलवर बोट टेकवलेला आपला ओशाळलेला चेहरा आपल्यालाच दिसतो. विनोद अव्वल, यात वाद नाही. पण पाटी लिहिणारा नेहमी दाराच्या आत असतो आणि वाचणारा बाहेर, जिन्यावर. हा फरक पाटीच्या कौतुकात कोणी फारसा मोजत नाही.

मार्केट यार्डात अशा पाट्या रुजत नाहीत. ज्याच्या पाठीवर पोतं आहे त्याला मान वर करून पाटी वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येते तो पाटी वाचत उभा राहिला की पोतं त्याच्यावर येतं. तिथला सगळा शिष्टाचार एका शब्दाचा आहे : "बाजूऽऽ!" पहाटे पाचला तुम्ही पाहुण्यासारखे मधोमध उभे राहून फ्लॉवरकडे बघत असता, मागून हाक येते, "ओ पाव्हणं, बाजूऽऽ!" पेठेतून आलेल्या माणसाला हे उद्धट वाटतं. पण "माफ करा हं, जरा बाजूला होता का" हे वाक्य पाठीवर पन्नास किलो घेऊन एकदा म्हणून बघावं. पूर्वी तर एकेक पोतं शंभर किलोचं असे. वाक्य पुरं व्हायच्या आत माणूस आडवा होईल. मराठी भाषेत एवढं कमी अक्षरांत एवढं काळजीचं बोलणं दुसरं नाही. ओरडणारा तुमच्याच डोक्याची काळजी करत असतो.

उलट फार गोड बोलण्यानं बाजारात काय होतं, याचाही इतिहास आहे. जुन्या बाजारांत सौदा रुमालाखाली होई. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर उभे राहत, हातांवर रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकत आणि कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. किती बोटं धरली त्यावर आकडा. याला हत्ता म्हणत. काय ती शांतता! आवाज नाही, घासाघीस नाही, चेहऱ्यावर मंद हसू. एखाद्या इंग्रज बाईनं बघितलं असतं तर दोघं किती सभ्य म्हणून डोळे पुसले असते. आणि तीन हातांवर ज्याचा माल होता तो शेतकरी फेटा सावरत उभा असे. आपला कांदा कितीला गेला हे त्याला मागाहून, पट्टी हातात पडल्यावर कळे, तेही हमाली, तोलाई, कडता आणि धर्मादाय वजा होऊन. बाजारांना नियम हवेत हे सरकारच्या ध्यानात आलं ते आपल्याच मराठी मुलखात, वऱ्हाडातल्या कारंज्याच्या कापूस बाजारात, १८८६ साली. पुढे १९२८ साली शेतीच्या शाही कमिशनच्या अहवालानं नियंत्रित बाजारांची शिफारस केली, मुंबई प्रांतात १९३९ चा कायदा आला, महाराष्ट्रात १९६३ चा, आणि भाव उघड्यावर, ओरडून बोलायचा, असं ठरलं. म्हणजे मार्केट यार्डातला तो कर्कश गोंगाट, ज्याच्यामुळे आमच्या सोसायटीतल्या लोकांची पहाटेची झोप मोडते, तो कायद्यानं आणलेला आहे. तो बंद पडला तर समजावं, कुठेतरी रुमाल पसरला गेलाय.

(त्याच १८८६ साली पुण्यात रे मार्केटची, म्हणजे आपल्या मंडईची, ती टोलेजंग इमारत खुली झाली. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला होता; पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणत होते. पुढे आचार्य अत्रे पालिकेत गेले आणि त्यांच्या खटपटीनं त्याच इमारतीला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. यावर व्यंगचित्र काढायची गरज नाही, ते दगडात बांधून तयार आहे.)

हे सारं मला एकदम आठवण्याचं कारण म्हणजे आमच्या सोसायटीतले एक निवृत्त हेडमास्तर. मार्केट यार्डाला लागून राहायचं म्हणजे पिशवीभर भाजी स्वस्त आणि कानभर शब्द फुकट. हेडमास्तरांनी चाळीस वर्षं शाळेत 'कृपया' आणि 'आभारी आहे' हे शब्द फळ्यावर लिहिले होते. त्यांच्या मनानं घेतलं, की बाजारात सौजन्याची चित्रं लावायची. टोकियोच्या भुयारी रेल्वेत म्हणे १९७०च्या दशकापासून अशी गमतीदार भित्तिचित्रं लावतात, लोक हसतात आणि सुधारतात. "मग आपल्याला काय धाड भरलीय?" सोसायटीतच कला महाविद्यालयात जाणारा एक मुलगा होता, त्याला चित्रं सांगितली. मजकुराचं काम माझ्याकडे, कारण माझं अक्षर लागतं.

पहिलं चित्र खरोखर छान उतरलं. एक नऊवारीतल्या आजी पिशवी घेऊन चाललेल्या, मागून मिशीवाला हमाल पोतं घेऊन धडकतोय, आजी हवेत, पिशवीतली वांगी चहूकडे. मथळा मी हेडमास्तरांच्या आग्रहाखातर नेमस्त ठेवला होता : 'बाजार सगळ्यांचा आहे.' लावायच्या आधी ते आम्ही भुसार विभागातल्या एका म्हाताऱ्या हमालाला दाखवलं. सगळे त्याला मामा म्हणतात. मामांनी गळ्यातल्या फडक्यानं हात पुसले, चित्र दोन्ही हातांत धरलं, लांब केलं, जवळ घेतलं.

"झ्याक काढलंय," ते म्हणाले. "म्हातारी तर आमच्या चुलतीवानी. पण बाळा, पोतं रिकामं हाय."

"रिकामं कुठंय मामा?" चित्रकार म्हणाला. "फुगीर काढलंय की."

"फुगीर हाय, पण भरल्यालं न्हाई. ह्यो बघ ना कसा हुबा हाय, लग्नातल्या फोटोवानी. पोत्याखाली मानूस असा ताठ ऱ्हातो व्हय? त्याला निस्तं पाय दिसत्यात. फुडच्याचं पाय. म्हातारीचं त्वांड त्याला दिसलंच न्हाई, तर त्यो धडकतोय कशाला मुद्दाम?"

हेडमास्तर म्हणाले, "अहो, हा विनोद आहे मामा. थोडी अतिशयोक्ती—"

"व्हय की गुर्जी. इनोदच हाय. मी हसलो की." आणि मामा खरंच हसले होते. मग त्यांनी चित्र जपून परत दिलं आणि पुढच्या गाडीकडे गेले.

त्या मुलानं घरी जाऊन चित्र फाडलं. मला वाईट वाटलं, वांगी सुरेख होती. पण लीचच्या त्या १८४३ सालच्या चित्रापासून आजवरची सगळी शिष्टाचाराची चित्रं मी त्या संध्याकाळी डोळ्यांसमोरून घातली, आणि एवढंच बघत गेलो, की पोतं कोणाचं भरलेलं आहे आणि कोणाचं रिकामं. द्यू मोरिएच्या पाद्र्याचं भरलेलं आहे. नोकरी बिशपाच्या हातात आहे म्हणून तो नासकं अंडं गिळतोय. त्याच्यावर हसताना घशात काहीतरी येतं. पण त्याच 'पंच'मध्ये मोलकरणीचे उच्चार, स्वयंपाकिणीची टोपी, खेडुताचं स्टेशनवरचं गोंधळणं यांवर ढीगभर चित्रं आहेत, ती पोती बहुतेक रिकामी. आपल्याकडेही गड्याच्या आणि भांडीवाल्या बाईच्या विनोदांनी किती दिवाळी अंक भरलेत! चहाच्या कपाला कान असतो हे ज्याला कोणी सांगितलंच नाही, तो बशीतून चहा पितो, यात चुकलं कोणाचं? याच पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली, १९६९ साली माथाडी कायदा आला, १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू झाली. त्याआधी हमालाला 'अहो' म्हणणारा गाळा शोधून काढावा लागला असता. तेव्हा त्याच्या उद्धटपणाची चित्रं काढणाऱ्यांनी निदान तारखा तपासाव्यात.

हेडमास्तर मात्र चिवट. चाळीस वर्षं मुलांना नापास केलेला माणूस असा सहजी हार मानत नाही. ते म्हणाले, "भिंतीवर लावणं चुकीचं. तेंडुलकरांसारखं करायला हवं."

मंगेश तेंडुलकर. विजय तेंडुलकरांचे धाकटे भाऊ, ही ओळख त्यांना कधीच लागली नाही. पुण्याच्या वाहतुकीवर त्यांनी जेवढं काढलं तेवढं कोणी काढलं नसेल. रस्त्यातले खड्डे, सिग्नल तोडणारे, पदपथावरून स्कूटर नेणारे, आणि या सगळ्यांच्या पाठोपाठ शांतपणे चालणारा यम. तिरकस, काळा विनोद. हसू येतं आणि मग हेल्मेट आठवतं. पण ते काढून थांबले नाहीत. दिवाळी आली की हा माणूस कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपच्या चौकात उभा राही आणि सिग्नलला थांबलेल्या लोकांच्या हातात आपण काढलेली शुभेच्छापत्रं ठेवी. वर्षानुवर्षं. पंच्याहत्तरी उलटल्यावरसुद्धा. धूर, कर्णे, पेट्रोलचा वास, आणि हातात कार्डांचा गठ्ठा. २०१७ च्या जुलैत ते गेले. पाटी लिहिणारा दाराआड असतो असं मी वर म्हटलं. हे गृहस्थ स्वतःच चौकात जाऊन उभे राहिले होते, ज्यांना टोचायचं त्यांच्या चाकांसमोर. अशा माणसानं तुमच्या हातात तुमचंच व्यंगचित्र दिलं तर राग कसा येणार? ते देणाऱ्याला टेम्पोचा धक्का लागू नये म्हणून तरी तुम्ही ब्रेक दाबता.

तर त्या दिवाळीत आम्ही तिघं, हेडमास्तर, तो मुलगा आणि मी, वसुबारसेच्या पहाटे मार्केट यार्डात कार्डं घेऊन उभे. नवं चित्र मुलानं तीन आठवडे भुसार विभागात बसून काढलेलं. त्यात हमाल कमरेत वाकलेला, कपाळावरच्या शिरा दिसतायत, आणि त्याच्यासमोर पायांचं जंगल : बूट, चपला, सँडल, एक पैंजण. सगळे पाय गप्पा मारत उभे. मथळा नाही.

पहिल्या टेम्पोवाल्यानं कार्ड घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "कितीचं चलान?" एका बाईंनी नमुना म्हणून दोन मागून घेतली. एका अडत्यानं मागच्या कोऱ्या बाजूवर लगेच कांद्याचा हिशेब मांडला. हेडमास्तरांचा चेहरा उतरायला लागला.

तेवढ्यात समोरून मामा आले. पाठीवर गुळाच्या ढेपांचं पोतं, कमरेत काटकोन, दोन्ही हात मागे पोत्याला. हेडमास्तरांना उत्साहाच्या भरात हात दिसले नाहीत. त्यांनी कार्ड पुढे केलं, "मामा, शुभ दीपावली!"

मामांनी मान तेवढी वर केली, चित्राकडे बघितलं, आणि हात मोकळा नव्हता म्हणून कार्ड दातांत धरलं. तसेच चालू लागले. चार पावलांवर दोन बायका मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालत वाटेत उभ्या. मामांच्या तोंडात कार्ड, हाक देता येईना. घशातून नुसतं "ऊंऽ ऊंऽ" आलं. बायकांना ऐकू जाणार कसं?

आणि चाळीस वर्षं वर्गात 'कृपया' म्हणणारे आमचे हेडमास्तर धोतर सावरत मामांच्या पुढे धावले आणि अख्खं मार्केट यार्ड वळून बघेल अशा आवाजात ओरडले, "बाजूऽऽ! ओ बाई, बाजूऽऽ!" थेट ट्रकपर्यंत ते तसेच पुढे पळत होते, मामा मागे, आणि त्यांच्या मागे उरलेली कार्डं गोळा करत मी.